पिशवी भरताना



दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की आपल्या महिला मंडळात सहलीची बोलणी सुरू होतात. आणि दरवर्षी एकदोघी तरी म्हणतातच, “तुम्ही जा गं. आमचे नियम फार. आमच्यामुळे सगळ्यांची अडचण.” म्हणणाऱ्या बहुतेक साठी-सत्तरीच्या असतात. घरात नियम निभतात, कारण स्वयंपाकघर आपले असते. बाहेर पडले की पाणी दुसऱ्याचे, चूल दुसऱ्याची, वेळ दुसऱ्याची. मग नियम मोडण्यापेक्षा घरीच बसलेले बरे, असे त्या ठरवून टाकतात.

माझ्या सासूबाईंनीही सहा वर्षे असेच ठरवले होते. वय चौऱ्याऐंशी, वीस वर्षांपासून मधुमेह, रोज इन्सुलिन. रात्रिभोजनाचा त्याग तर लग्नाआधीपासून. गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही त्यांना नागपूरहून नवेगाव बांधला नेले, तीन रात्रींसाठी. आम्ही दोघे, आई, सांगलीहून आलेल्या नणंदबाई, मुलगा आणि सून. त्या प्रवासासाठी जी पिशवी भरली, तिच्याबद्दल आज लिहिते आहे. कोणाला उपयोग झाला तर झाला.

आधी थोडे गावाविषयी. नवेगाव बांध गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. नागपूरहून भंडारा, साकोली, कोहमारा अशी वाट. तिथला मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. १९७५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. हिवाळ्यात तलावावर दूरदेशीची बदके उतरतात. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीतली काही वर्षे इथे काढली आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक लिहिले. जैन भोजनालय, जैन धर्मशाळा असे काही मात्र हाताशी नाही. सम्मेदशिखरजीला किंवा कुंथलगिरीला जाताना पिशवीत काय राहिले याची फार चिंता नसते, तिथे सगळे आपलेच असते. खरी परीक्षा अशा गावी.

सूर्याची वेळ

पिशवीत पहिली वस्तू गेली ती एक कागद. त्यावर तिन्ही दिवसांच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा लिहिल्या होत्या.

नणंदबाई हसल्या, “वहिनी, सूर्य काय वेगळा आहे का तिकडे?” सूर्य तोच, पण घड्याळ वेगळे पडते. आपली भारतीय वेळ साडेब्याऐंशी रेखांशावर धरलेली आहे आणि दर अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो. सांगली साधारण साडेचौऱ्याहत्तर अंशावर, नवेगाव ऐंशीवर. इथेच बावीस मिनिटे झाली. शिवाय नवेगाव सांगलीच्या उत्तरेला, म्हणून हिवाळ्यात दिवस आणखी थोडा लहान. डिसेंबरअखेर सांगलीला सूर्य मावळतो सहा वाजून पाच-दहा मिनिटांनी, नवेगावला पाच-चाळीसच्या सुमारास. म्हणजे सरळ अर्ध्या तासाचा फरक.

आमच्या घरी सूर्यास्ताच्या दोन घटिका आधी जेवण आटोपतात. एक घटिका चोवीस मिनिटांची, म्हणून ४८ मिनिटे. नवेगावला याचा अर्थ झाला पाचला दहा कमी असताना हात धुवायचे. सांगलीच्या सवयीने साडेपाचला ताट वाढायला घेतले असते तर वेळ केव्हाच टळली असती. दुपारची सफारी तर सूर्यास्ताच्या सुमारासच परत येते. म्हणून आम्ही आधीच ठरवले, की मुलांनी सकाळची सफारी करायची आणि दुपार सगळ्यांनी मिळून तलावाकाठी घालवायची. वाद झाला नाही, कारण वेळा कागदावर समोर होत्या.

पाणी

दुसरी वस्तू गाळण्याचे कापड. शास्त्रात ३६ अंगुळे लांब आणि २४ अंगुळे रुंद सांगितले आहे, तेही दुहेरी करून वापरायचे. चोवीस अंगुळांचा एक हात, म्हणजे कापड दीड हात लांब आणि एक हात रुंद. जाड सुती हवे, ज्यातून सूर्याचा किरण सरळ आरपार दिसत नाही असे. मी दोन नेते. एक ओले असताना दुसरे कोरडे हाताशी लागते.

सूनबाईने विचारले, “आई, बाटलीबंद पाणी आहे ना? ते तर यंत्रातून गाळलेलेच असते.” प्रश्न चुकीचा नाही. तब्येतीच्या दृष्टीने ते पाणी चांगलेच. पण आपण गाळतो ते नुसते आपल्या पोटासाठी गाळत नाही. कापडावर राहिलेले सूक्ष्म जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत सोडायचे असतात. त्याला जिवाणी म्हणतात. नळावर ते जमत नाही. विश्रामगृहाच्या मागे चौकीदाराच्या घरची विहीर होती. त्याच्या बायकोने दोरी-बादली दिली आणि आईंनी कित्येक वर्षांनी स्वतःच्या हाताने बादली थेट पाण्यापर्यंत उतरवून जिवाणी सोडली. “नागपुरात विहीर बुजवल्यापासून हे राहूनच गेले होते,” म्हणाल्या. चौकीदाराची बायको शेजारी उभी राहून सगळे बघत होती. तिने एवढेच विचारले, “म्हणजे त्यांना घरी पोचवलं का?” इतके सोपे करून मलाही कधी सांगता आले नव्हते.

पाण्याच्या मर्यादा तुम्हाला माहीत आहेतच, पण प्रवासात त्या हिशेबाच्या कामी येतात म्हणून लिहिते. नुसते गाळलेले पाणी ४८ मिनिटे, लवंग वगैरे घालून प्रासुक केलेले सहा तास, चांगले उकळलेले चोवीस तास. म्हणून प्रवासात उकळलेलेच सोयीचे. सकाळी सातला उकळले की दुसऱ्या दिवशी सातपर्यंत चिंता नाही. त्यासाठी दोन वस्तू लागतात. एक लहान विजेची किटली आणि एक दोन लिटरचा स्टीलचा थर्मास. किटली कमी वॅटची घ्या. जंगलातल्या विश्रामगृहांची वायरिंग जुनी असते, पंधराशे वॉटची किटली आणि गिझर एकदम लावले की अंधार होतो. आणि वीज जातेच, म्हणून ती आहे तेव्हाच थर्मास भरून ठेवायचा.

शिदोरी

पिठाची मर्यादा आमच्याकडे हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन अशी पाळतात. म्हणून असा प्रवास हिवाळ्यात करावा, शिदोरी टिकते. पाणी न लागलेले तुपातले लाडू पिठाच्याच मर्यादेत बसतात. मी नेले ते असे: कणकेचे लाडू, सातूचे पीठ, मुरमुऱ्यांचा चिवडा, भाजलेले शेंगदाणे, खारीक, वाटलेली सुकी चटणी, आणि एका डब्यात मूगडाळ-तांदूळ एकत्र करून, त्यातच जिरे, मीठ आणि हळद. चौकीदाराच्या घरी आमच्या पातेल्यात, आमच्या पाण्यात ही खिचडी वीस मिनिटांत होत असे. कांदा-लसूण-बटाट्याचा प्रश्नच येत नाही, आणि “यात काय काय आहे हो?” असे आईंना कोणाला विचारावे लागत नाही. तांदूळ मात्र नेऊ नका. गोंदिया भाताचा जिल्हा, तिथला तांदूळ आपल्यापेक्षा चांगला मिळतो. आम्ही नेलेला तांदूळ लहान पुडीत फक्त पहिल्या वेळेपुरता होता.

पातेले, एक झाकण, सहा ताटल्या, सहा वाट्या, एक सुरी, भांडी घासायला नारळाची शेंडी. स्वतःची भांडी नेण्यात कोणाचा अपमान नाही, फक्त ते कसे सांगतो यावर असते. नवेगावच्या तलावावर ढीवर समाजातल्या घरांचे पोट चालते. तिथल्या खानावळीत मासे शिजणारच. आपण नाक मुरडायला गेलेलो नसतो. “आमच्या आईंचा नियम आहे” एवढे हसून सांगितले की लोक उलट मदतच करतात.

रात्र

सूर्यास्तानंतरची रात्र जंगलात फार लांब असते. त्यासाठी नेलेल्या वस्तू सगळ्यांत जास्त वापरल्या गेल्या.

मच्छरदाणी. घडीची, दोन पलंगांपुरत्या दोन. तलावाकाठी डास असणारच आणि गोंदिया-गडचिरोलीचा जंगलपट्टा मलेरियासाठी ओळखला जातो, त्यामुळे हयगय करून चालत नाही. मच्छरदाणीत आपलेही रक्षण होते आणि डासाचेही. कॉइल लावायचा की नाही हा पेच पडत नाही.

बॅटरी, म्हणजे टॉर्च, प्रत्येकाला एक. चार हात जमीन पाहून चालावे ही मुनींची ईर्यासमिती. आपण गृहस्थ तेवढे पाळत नाही, पण जंगलात रात्री न्हाणीघराकडे जाताना ते आपोआप पाळले जाते. किडा-मुंगी वाचते, साप-विंचवापासून आपण वाचतो.

मऊ कुंचा, वीतभर. अंथरुणावरच्या मुंग्या हलकेच सारायला.

आणि गरम कपडे. गोंदिया विदर्भातल्या थंड जिल्ह्यांपैकी आहे. कानटोपी, पायमोजे, एक शाल पांघरायला आणि एक पायावर. म्हाताऱ्या माणसाला पायाला थंडी लागली की झोप लागत नाही आणि तसे ते सांगतही नाही.

औषधाचा बटवा

आता जे सांगायचे त्यासाठीच खरे तर लिहायला बसले.

आईंचा उपास म्हणा, संयम म्हणा, नवेगावला संध्याकाळी पाचला दहा कमीपासून सकाळी साडेसातपर्यंत होता. सूर्योदय पावणेसातला, त्यावर दोन घटिका. म्हणजे जवळजवळ पावणेपंधरा तास. इन्सुलिन घेणाऱ्या माणसासाठी हे लहान अंतर नव्हे. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांकडे वेळांचा तोच कागद घेऊन गेलो. त्यांनी संध्याकाळची मात्रा कमी करून दिली आणि ग्लुकोजची पूड औषधांच्या चिठ्ठीवर लिहिली. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी हे मनाने करू नये, विचारूनच करावे.

बटव्यात ग्लुकोमीटर, पट्ट्या, इन्सुलिन, ग्लुकोज, चमचा. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत. उन्हाळ्यात गार ठेवायचे, पण बर्फाला थेट लागू द्यायचे नाही. आणि याच बटव्यात एक घडी केलेला कागद, आईंच्या स्वतःच्या हस्ताक्षरातला.

दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास मला जाग आली. आई बसलेल्या होत्या. कपाळ घामाने ओले, हात थरथरत होते. एवढ्या थंडीत घाम म्हटल्यावर मीटर काढले. ६१. सत्तरच्या खाली गेली की वाट बघायची नसते. मी ग्लुकोज कालवले तर त्यांनी वाटी बाजूला सारली. “उजाडू दे. चारच तास राहिले. आजवर रात्री काही घेतले नाही, आता शेवटी शेवटी नको.”

नणंदबाई रडायला लागल्या. “आई, ऐक गं.” यांनी समजावले. त्या मान हलवत राहिल्या. त्या अवस्थेत माणूस हट्टी होतो, ती साखरेचीच करणी असते. मी वाद घातला नाही. बटव्यातला तो कागद काढला, त्यांना चष्मा लावून दिला आणि टॉर्च धरली.

कागदावर त्यांनीच लिहिले होते: रात्री चारही प्रकारच्या आहाराचा त्याग. औषध व त्यापुरते पाणी यांची सूट. साखर उतरल्यास ग्लुकोज हे औषध समजावे. आणि खाली तारीख. हे त्यांनी दोन वर्षांपूर्वी चातुर्मासात आर्यिका माताजींना विचारून, दिवसाउजेडी, शांत डोक्याने लिहून ठेवले होते. मीच आग्रह केला होता, की नियम आणि त्यातली सूट कागदावर असावी, तोंडी नको. वाणिज्य शाखेची सवय.

आईंनी ते दोनदा वाचले. मग म्हणाल्या, “माझेच अक्षर आहे.” आणि वाटी घेतली. तीन चमचे ग्लुकोज, थर्मासमधल्या उकळलेल्या पाण्यात. पंधरा मिनिटांनी ८८, अर्ध्या तासाने १०४. त्यांनी णमोकार म्हटला आणि झोपल्या. सकाळी उठून पहिले विचारले, “नियम मोडला नाही ना?” नव्हताच मोडला. घेतला तसाच पाळला गेला होता. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी मात्रा आणखी उतरवली आणि तिसरी रात्र सुखाची गेली.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकींनी नियम तरुणपणी घेतले, शरीर धड असताना. सूट काय ठेवली होती हे आता नीट आठवतही नाही. रात्री तीन वाजता, घाम फुटलेला असताना, मुले रडत असताना ते ठरवता येत नाही. आपल्या गुरूंना विचारून, डॉक्टरांना विचारून आधीच लिहून ठेवा. तो कागद घरच्या सर्वांना माहीत असू द्या. आणखी एक सांगते: माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. म्हणून नव्या गावी पोचल्याबरोबर रात्री उघडा दवाखाना कुठला आणि गाडी कोणाची मिळेल, हे दोन प्रश्न विचारून घ्यायचे. उत्तरे त्याच कागदाच्या पाठीवर लिहायची.

मनासाठी

काही वस्तू कामाच्या नसतात, तरी न्याव्या लागतात. आईंची स्वतःची उशीची खोळ. नव्या खोलीत रात्री जाग आली की ओळखीचा वास लागतो आणि आपण कुठे आहोत याची भीती वाटत नाही. त्यांची एकशे आठ मण्यांची सुती माळ. पाठाचे लहान पुस्तक, मोठ्या अक्षरांचे. भक्तामरचे अठ्ठेचाळीस श्लोक त्यांना तोंडपाठ आहेत, तरी पुस्तक हातात लागते. आणि एखादे मोठ्याने वाचून दाखवायचे पुस्तक. पाचला जेवण झाल्यावर नऊपर्यंत करायचे काय? यांनी चितमपल्लींचे तेच पुस्तक नेले होते. संध्याकाळी हे वाचत, आई डोळे मिटून ऐकत आणि मधूनच विचारत, “आज दुपारी पाहिला तो हाच का पक्षी?”

सारस काही आम्हाला दिसला नाही. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. आईंना त्याचे वाईट वाटले नाही. त्या रोज सकाळी देशव्रत घेत, आज विश्रामगृहापासून तलावाच्या पाळीपर्यंत, त्यापलीकडे नाही. “आपण एवढ्यातच बसायचे. जो येईल तो दिसेल.”

हिशेबाची वही

शेवटी माझी पद्धत सांगते. प्रत्येक प्रवासाची यादी मी एका वहीत करते, चार रकाने आखून: वस्तू, नेली किती, वापरली का, परत आली का. घरी आल्यावर दोन दिवसांत ती भरायची. सलग दोन प्रवासांत जी वस्तू वापरली नाही ती यादीतून कमी होते. औषधाचा बटवा याला अपवाद, तो न वापरता परत आला तर आनंदच. आठ वर्षांपूर्वी माझ्या यादीत त्रेसष्ट वस्तू होत्या. नवेगावला अडतीस होत्या. जास्तीच्या साड्या गेल्या, इस्त्री गेली, कोणी आलेच तर म्हणून नेलेले जास्तीचे डबे गेले. मुनिमहाराज पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र एवढ्यावर देशभर पायी फिरतात. आपल्याला ते साधणार नाही, पण परिग्रहाचे परिमाण शिकायला प्रवासाच्या पिशवीइतकी चांगली जागा नाही. घरात कपाटे आहेत म्हणून वस्तू साठतात. पिशवी मात्र आपल्याच खांद्यावर येते.

काय न्यायचे हे ठरवताना मी दोनच प्रश्न विचारते. हे नसले तर आपला नियम दुसऱ्याच्या सोयीवर अवलंबून राहील का? आणि हे नसले तर बरोबरच्या म्हाताऱ्या किंवा लहान माणसाला रात्री त्रास होईल का? दोन्हींचे उत्तर नाही आले, तर ती वस्तू घरी.

आई आता मार्चमध्ये मुक्तागिरीला जायचे म्हणतात. पायऱ्या आहेत, डोली करावी लागेल. वेळांचा कागद या वेळी त्यांनी स्वतःच मागितला आहे.

तुमच्या घरी ज्या कोणी “आमचे नियम फार” म्हणून मागे राहतात, त्यांची पिशवी यंदा तुम्ही भरून बघा. आणि तो कागद विसरू नका.

जय जिनेंद्र!